पाखरांना वाढलेला रायभोग

मुलांनो,

तुमचं पत्र आणि फोटो पोचला. परसातल्या खांबाला तुम्ही काचेची नळी टांगलीत, तिच्यात दाणे भरलेत, आणि खार ते पळवते म्हणून वर पत्र्याची टोपी बसवलीत. आता खार त्या टोपीवर बसून दाणे खाते, हे फोटोत स्पष्ट दिसतं आहे. तिच्या तोंडावरचा भाव माझ्या ओळखीचा आहे. तुम्ही विचारलं आहे की आजी लहानपणी पक्षी पाहायची का. लहानपणी नाही. लग्न झाल्यावर पाहिले, भोरला, आणि त्यापायी घरातलं तीन वर्षांचं काम पाखरांच्या पोटात घातलं. ते क्रमाने लिहिते. क्रम सोडून मला काही सांगता येत नाही, अशी तुमच्या आजोबांची जुनी तक्रार होती.

मी भोरला आले तेव्हा संस्थान होतं, आणि दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. मी पुण्याची, मॅट्रिक झालेली. आमच्या शाळेत एक मडमबाई होत्या. खिडकीबाहेर रोज जे दिसेल ते तारीख-वेळ घालून इंग्रजीत वहीत लिहायची सवय त्यांनी आम्हा मुलींना लावली होती. पुण्यात माझ्या खिडकीतून समोरच्यांची वाळत घातलेली धोतरं दिसत, त्यामुळे माझी वही काही फार वाचनीय नव्हती. भोरला मागचं दार उघडलं की परसू, परसात पेरूचं झाड, मोरीच्या पाण्यावर पोसलेल्या केळी, आणि त्यापलीकडे थेट नदीपर्यंत भाताची खाचरं. पहिल्याच आठवड्यात माझी चार पानं भरली.

मग मी एका करवंटीला तीन भोकं पाडली, सुंभ ओवला आणि ती पेरूला टांगली. करवंटीत तांदळाच्या कण्या, खाली फुटक्या मडक्याच्या तळात पाणी. सकाळी चिमण्या. त्या उठल्या की साळुंक्या, ज्या खाण्यापेक्षा भांडायलाच यायच्या. बुलबुल कण्यांकडे ढुंकूनही पाहायचे नाहीत. त्यांना पेरू हवा, आणि तोही आम्हाला हवा असलेलाच. दुपारी खार. ती फांदीवरून सुंभाने उलटी उतरायची, शेपटी वर आणि तोंड करवंटीत, आणि त्याच स्थितीत माझ्याकडे अशी बघायची की मीच तिच्या घरात शिरले आहे. एकदा तिने सुंभच कुरतडून करवंटी खाली पाडली. मी नवा बांधला. तोही तिने पाडला.

"रामानं एकदा पाठीवरून हात फिरवला तर ही एवढी शेफारली," सासूबाई म्हणाल्या. "तू तर रोज ताट वाढतेस. उद्या पानात मीठ नाही म्हणून तक्रार करील."

मी वहीत वेळा लिहीत बसले की त्या स्वयंपाकघरातून विचारायच्या, "झाली का हजेरी? गैरहजर कोण आहे?"

माझ्या बाजूचं घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे मामंजी, तुमचे पणजोबा. त्यांची सारी नोकरी संस्थानच्या दप्तरात कारकुनीत गेली. आलेला कागद तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त केल्याशिवाय त्यांनी कधी पुढे सोडला नाही. नोकरी संपली आणि कागद यायचे थांबले, पेन्सील मात्र कानावर राहिली. मी आल्यावर घरात पुन्हा एक कागद झाला. रोज संध्याकाळी मी वही मागच्या पडवीच्या उंबऱ्यावर ठेवायची. ते ती घेऊन वाचायचे, माझं इंग्रजी दुरुस्त करायचे, कधी खाली शेरा मारायचे, आणि वही परत उंबऱ्यावर यायची. सुनेनं सासऱ्यांशी समोर उभं राहून फार बोलायचं नाही अशी तेव्हा रीत होती. आमचं बोलणं त्या वहीतच चालायचं. साळुंक्यांचं भांडण मी सविस्तर लिहिलं तेव्हा त्यांनी शेरा मारला होता की फिर्यादी आणि आरोपी यांचा स्पष्ट उल्लेख करावा.

आता भाताकडे येते. नदीकडे मामंजींची दोन खाचरं होती, आणि त्यांत त्यांचा रायभोग. रायभोग म्हणजे बारीक, वासाचा तांदूळ. एका घरात शिजला की चार घरांना कळायचं. त्याचं बी त्यांनी आंबवड्याच्या पुढच्या, वेल्ह्याच्या डोंगराखालच्या एका वाडीतून आणलं होतं. तिथल्या एका शेतकरीण म्हातारीकडे ते पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं होतं. सगळं खोरं तिला आत्या म्हणायचं. काही वर्षं भात छान आला. मग खाचरात मधूनच तांबड्या, लांब कुसळांच्या लोंब्या दिसू लागल्या. मामंजींनी भर बाजारच्या दिवशी, लोकांदेखत, आत्याला सांगितलं, "तुमचं बीच भेसळीचं आहे."

आत्या म्हणाली, "दप्तरदार, तुमी कागुद बघा. भाताचं आमी बगू." आणि पाठ फिरवून निघून गेली. मामंजी साधे कारकून होते. दप्तरदार ही बढती त्यांना आत्याने दिलेली, आणि ती मानाची नव्हती.

त्या दिवसापासून दोन्ही घरांचं येणंजाणं बंद पडलं. बी आपणच शुद्ध करायचं, असं मामंजींनी ठरवलं. सुगीच्या आधी चष्मा लावून ते खाचरात उतरायचे आणि एकेक लोंबी न्याहाळून, मनासारखी असेल तेवढीच खुडायचे. ते वेगळं पेरायचे, पुढच्या वर्षी त्यातूनही निवडायचे. तीन वर्षांनी त्यांच्या हाती एक जुडी आली, जिच्यात एकही दाणा संशयाचा नव्हता. उरलेला भात त्यांनी खायला काढला. ही जुडी उगवली तर रायभोग राहिला, नाहीतर आत्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. त्यापेक्षा आपण जन्मभर नाचणी खाऊ, असं ते म्हणायचे. जुडी माजघरातल्या खुंटीला टांगलेली होती.

हे सगळं मला ठाऊक नव्हतं, कारण कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. मला ठाऊक होतं ते एवढंच, की पुढच्या दारावर चिमण्यांसाठी भाताच्या लोंब्यांचं तोरण बांधतात. माघ महिन्यात ते तोरण खाऊन संपलं. नुसत्या काड्या दारावर लोंबकळत राहिलेल्या मला बघवेनात. माजघरात तशाच लोंब्यांची जुडी दिसली. इतकी नीट बांधलेली की मी मनात म्हटलं, वा, या घरात तोरणसुद्धा जादा करून ठेवतात. मामंजी वामकुक्षी घेत होते, सासूबाई सोवळ्यात होत्या. एवढ्याशा गोष्टीसाठी कुणाला विचारायचं? मी जुडी काढली. दारापेक्षा पेरूवर बांधली तर मला मागून नीट दिसेल, म्हणून पेरूवर बांधली.

खुंटी रिकामी राहिली. रिकामी खुंटी मला सोसत नाही. मी तिथे लसणाची जुडी अडकवली.

दुसऱ्या दिवशी मनोल्या आल्या. चिमणीहून लहान, छातीवर ठिपके, आणि एका वेळी सोळा. लोंबीला लटकून, दाणा सोलून, तूस खाली टाकून इतक्या शिस्तीत जेवत होत्या की मला त्यांचं फार कौतुक वाटलं. मागून राघू आले. त्यांना शिस्त नव्हती; एक खायचे आणि चार पाडायचे. मामंजी पडवीत खाटेवर बसून बघत होते.

"आज थाट दिसतो आहे," ते सासूबाईंना म्हणाले. ते मला उद्देशून होतं. "काय निवडून खातायत बघ. पाखरांना पारख असते."

दोन दिवस पंगत चालली. तिसऱ्या दिवशी खारीने उरलेल्या काड्याही घरट्यासाठी नेल्या.

वैशाखात राब भाजला. राब म्हणजे रोपं करायची जागा. तिच्यावर शेण, पाला, काटक्या पसरून पेटवतात, आणि निवली की बी टाकतात. खाचरातून धूर घरापर्यंत येत होता. मामंजी खुशीत माजघरात आले, स्टुलावर चढले आणि खुंटीवरून जुडी काढून उजेडात आले. तिथे थांबले. जुडी नाकाशी नेली.

"वास आहे," ते म्हणाले, "पण हा रायभोग नव्हे."

"लसूण आहे तो," सासूबाई म्हणाल्या.

"ते कळलं मला. जुडी कुठं आहे?"

मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. मी वही आणली, माघातलं पान काढलं आणि उंबऱ्यावर ठेवून पुन्हा दाराआड गेले. पानावर मी लिहिलं होतं: आज माजघरातल्या खुंटीवरची भाताची जुडी पेरूला बांधली. त्याखाली दुसऱ्या दिवशीची नोंद: मनोल्या सोळा, राघू दोन, खार एक. त्याखाली तिसऱ्या दिवशीची: जुडी संपली. तिन्ही नोंदींत तांबड्या पेन्सिलीने दोन-चार ठिकाणी व्याकरण सुधारलेलं होतं, आणि शेवटी मामंजींच्या वळणदार अक्षरात शेरा होता: उत्तम.

मामंजींनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"काय लिहिलंय?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

"पाखरं जेवली."

"आपलं बी?"

"हो."

"आणि तुम्हाला कळलं नाही?"

"कळवलं होतं," मामंजी म्हणाले. "मी मंजुरी दिली आहे."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. रडताहेत असं मला वाटलं. खांदे हलताना पाहिले तेव्हा कळलं की हसताहेत.

मामंजी मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पडवीतली खाट फिरवली आणि पेरूकडे पाठ करून बसू लागले. मी रोज वही उंबऱ्यावर ठेवत होते. ती रोज जिथल्या तिथे मिळत होती. राब पडून होता, मृग जवळ येत होता. मी तुमच्या आजोबांना विचारलं, काय करू. ते म्हणाले, "आत्याकडे बी आहे, पण बाबा मागायचे नाहीत. आणि मी गेलो तर मला घरात घ्यायचे नाहीत. तू पाखरांवर खटला भर." तुमच्या आजोबांचा अडचणीच्या वेळी एवढाच उपयोग व्हायचा.

शेवटी मी सासूबाईंना म्हटलं, "मी जाते आत्यांकडे."

"वाट माहीत आहे?"

"नाही."

"काय बोलायचं ते?"

"तेही नाही."

"मग मी येते," त्या म्हणाल्या. "यांच्या एका तांबड्या लोंबीपायी माझं त्या बाईशी बोलणं बंद झालंय. माझं काय भांडण होतं तिच्याशी?" मामंजींना आम्ही सांगितलं की आंबवड्याला देवाला जाऊन येतो. देवाला गेलो, नमस्कार केला, आणि बैलगाडी पुढे हाकायला लावली.

आत्या अंगणात सूप घेऊन बसली होती. सुकलेली, काळीसावळी, नाकात मोठी नथ. तिने मान वर केली.

"या वैनी. लई दिसांनी पाय लागलं. आन् दप्तरदार कुठं हायती? माज्या बियातलं तांबडं मोजत्यात का अजून?"

"त्यांना सांगून आलो नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मंग बसा. ही कोन? सून?"

मी पाया पडले आणि एका दमात सगळं सांगितलं. मला वाटलं, थांबले तर पुन्हा सुरू करता यायचं नाही. जुडी, पेरू, मनोल्या, खार, लसूण. आत्याचं सूप थांबलं.

"पाखरांनी खाल्लं? राखन न्हवती?"

"मीच टांगलं होतं. त्यांच्यासाठी."

"तुमी सवता?"

"हो."

"आन् बसून बगितलं?"

"हो. लिहूनही ठेवलं."

आत्याने घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए सुनबाय, भाईर ये! ऐक हिकडं. आमी हितं घसा फुटस्तवर वरडून पाखरं हाकलतो, आन् ही पुन्याची बाय त्यास्नी बोलवून बोलवून रायभोग वाढतीया. वर नावं लिवून घेतीया, कोन जेवलं, कोन राहिलं!" तिची सून दारात आली आणि भिंतीला धरून हसू लागली. सासूबाईही हसायला लागल्या. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्ही आवरण्यात मी फार विचित्र दिसत असणार.

हसून झाल्यावर आत्याने डोळे पुसले. "आन् दप्तरदार काय म्हनलं?"

"काही नाही. बोलतच नाहीत."

"व्हय, ते न्हाई बोलायचं," ती म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "तीन सालं लोंबी लोंबी येचली व्हती, न्हाई का? म्या ऐकलंय. म्हातारपनी वाकून वाकून." ती उठली, आत गेली आणि फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन आली. सासूबाईंच्या ओटीत न घालता तिने ते माझ्या हातात दिलं.

"बी घ्या. पर माजी एक अट हाय. आश्विनात दानं भरलं की ह्या पोरीनं एक दीस माज्या माळ्यावर राखनीला बसायचं. पाखरं कशी हाकलायची ती शिकवते. आन् तिला पोचवाया दप्तरदारांनीच यायचं. दुसरं कोनी न्हाई."

संध्याकाळी घरी आलो. मी गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं, जिथे वही ठेवायचे तिथे. मामंजींनी गाठ सोडली, चिमूटभर बी तळहातावर घेतलं, खिडकीशी नेलं, उलटंसुलटं केलं.

"आंबवड्याला प्रसाद बरा मिळतो," ते म्हणाले.

सासूबाईंनी अट सांगितली. सकाळी उठून मामंजींनी राबात बी टाकलं. त्या संध्याकाळी उंबऱ्यावर वही नव्हती. ती त्यांच्या हातात होती.

आश्विनात ते मला घेऊन गेले. गाडीत ते पुढे, मी मागे. आंबवड्याच्या चढणीवर एक कोतवाल पक्षी तारेवर बसलेला दिसला तेव्हा त्यांनी बोटाने दाखवला.

आत्याने मला माळ्यावर चढवलं. माळा म्हणजे शेतात चार खांबांवर उभारलेली बसायची जागा. हातात गोफण दिली. पहिला दगड माझ्या मागेच पडला. दुसरा कुठे गेला ते अजून कळलेलं नाही. मग तिने गोफण काढून घेतली आणि म्हणाली, नुसतं ओरड. मनोल्यांचा थवा उतरला. मी ओरडले.

"आगं, जेवाया हाका मारतीयास का हाकलतीयास?" आत्या खालून म्हणाली. "शाळंत कविता म्हनल्यावानी काय वरडतीस? प्वाटातनं वरड!"

मी पोटातून ओरडले. मनोल्या उडाल्या. मला वाईट वाटलं, हे कबूल करते. पण थोडा अभिमानही वाटला. दुपारपर्यंत माझा घसा गेला.

मामंजी मात्र आल्या आल्या, हातपायही न धुता, चष्मा लावून तिच्या भातात शिरले होते. माळ्यावरून मला त्यांची टोपी दिसत होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग पुढच्या ओळीला. आत्याही बघत होती, पण बघत नसल्यासारखी. मी ओरडायचं विसरले. तांबडं निघालं तर हे दोघं पुन्हा बोलायचे नाहीत, आणि आमच्या खाचरात उभा असलेला भात तिच्याच बियाचा होता. एका ठिकाणी टोपी थांबली. खाली वाकली. बराच वेळ वर आली नाही.

मग ते बांधावरून परत आले. आत्याने दुधाचा पेला पुढे केला.

"घावलं का दप्तरदार? तांबडं?"

"नाही आत्या," मामंजी म्हणाले. "बी शुद्ध आहे तुमचं. त्या वेळी मी चुकीचं बोललो."

मी माळ्यावरून उतरून जवळ उभी होते. त्यांच्या कोटाच्या खिशातून एक लांब तांबडं कुसळ बाहेर डोकावत होतं. मला दिसलं म्हणजे आत्यालाही दिसलं असणार. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली होती. ती पुढे झाली, दोन बोटांनी ती लोंबी मामंजींच्या खिशातून ओढून काढली, हातात एकदा फिरवली आणि अंगणातल्या कोंबड्यांपुढे टाकली.

"दूध निवतंया," ती म्हणाली. "घ्या."

मामंजी अंगणातल्या बाजेवर बसले आणि त्यांनी दूध घेतलं.